वाळूंत रुतलेली गाडी

आमच्या खेड्यांतील बहुतेक वाचकांनीं कॅम्पर व्हॅन नांवाचें वाहन पाहिलें नसेल, आणि ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस तें आपल्या उपयोगाचें वाटलें नसेल. चाकांवरचें घर, असें तिचें थोडक्यांत वर्णन करितां येईल. आंत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी व लहानसा फ्रिज. बाहेरून पाहिली तर मालमोटारीची धाकटी बहीण. अशी एक गाडी, तिच्या चारहि चाकांस इंजिनाचें बळ मिळत असतां, समुद्राच्या वाळूंत रुतून बसली, ही हकीकत सांगून आम्ही वाचकांचा वेळ कां घेतों, असें कोणी पुसेल तर तें वाजवी आहे. आमचें उत्तर असें कीं, गाडी श्रीमंताची असली तरी रुतणें सर्वांचें आहे. आणि त्या सायंकाळीं आमच्या मनांत जो प्रश्न उभा राहिला तो शेतकऱ्यास, शिक्षकास, पंचास व घरांतील बाईस सारखाच लागू पडतो. प्रश्न असा: आपण चुकलों हें कळल्यावरहि मनुष्य तेंच कृत्य अधिक जोरानें कां करितो? आणि त्या जोराची किंमत कोणास द्यावी लागते?

घाटावरील वाचकांसाठीं प्रथम वाळूविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. ओहोटीनें नुकतीच उघडी पडलेली पुळण ओली व टणक असते. कणाकणांमधील ओलावा त्यांस एकमेकांशीं धरून ठेवितो, आणि तिजवरून बैलगाडी काय, मोटारहि सुखानें जाते. परंतु भरतीच्या रेषेच्या वर, सुरूच्या बनाकडे, जी पांढरी कोरडी वाळू असते तिच्यांत कणास कणाचा आधार नसतो. तेथें चाक टेकलें कीं वाळू बाजूस सरते, चाक खालीं जातें, आणि त्याच्यापुढें वाळूचा एक लहानसा उंचवटा तयार होतो. मग चाक जणूं सदैव चढावरच असतें. तें जोरानें फिरूं लागलें म्हणजे पुढें जाण्याऐवजीं वाळू उकरून मागें फेंकतें व स्वतःसाठींच खड्डा खणतें. खड्डा इतका खोल झाला कीं गाडीचें पोट वाळूवर टेकलें, म्हणजे सर्व भार पोटावर येऊन चाकें हलकीं होतात. त्यानंतर इंजिनांत शंभर घोड्यांचें बळ असो कीं दोनशें घोड्यांचें, तें वाळू उडविण्यापलीकडे कांहीं करूं शकत नाहीं.

चारहि चाकांस बळ देण्याची युक्ति खरोखर चांगली आहे. दोन चाकें घसरलीं तर राहिलेलीं दोन गाडीस ओढून काढितात. परंतु चारहि चाकें एकाच जातीच्या वाळूंत असतील तर एका वेळीं चार खड्डे खणले जातात, एवढाच काय तो लाभ. शिवाय साधी मोटार रस्त्यापासून दहा पावलांवरच रुतते व चार माणसें तिला ढकलून बाहेर काढितात. बळकट गाडी मैलभर आंत जाऊन रुतते, जेथें माणसेंहि नसतात. बळानें मनुष्य संकटांतून सुटतो हें खरें, पण बळामुळेंच तो अधिक मोठ्या संकटापर्यंत पोंचतो हेंहि तितकेंच खरें.

सन २०२४ च्या फेब्रुवारी महिन्यांत, माघी पौर्णिमा उलटून दोन दिवस झाले असतां, आम्ही आमच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांबरोबर दापोली तालुक्यांतील एका किनाऱ्यावर गेलों. हे गृहस्थ निवृत्त इंजिनीअर असून त्यांनीं आयुष्यभर पूल बांधिले आहेत. ही गाडी त्यांची म्हातारपणची हौस. वाळूंत चाकांखालीं घालण्याच्या लोखंडी पाट्या ते नेहमीं बरोबर ठेवीत; ह्या खेपेस फ्रिजाला जागा हवी म्हणून त्या पुण्यासच राहिल्या होत्या. किनाऱ्याच्या तोंडाशीं, पुळणीवर वाहनें आणण्यास मनाई आहे, असा फलक होता. तो आम्हीं दोघांनींहि वाचिला. कोंकणच्या पुष्कळ किनाऱ्यांवर अशी मनाई आहे व ती मोडणारांवर पोलीस गुन्हे दाखल करितात, हें आम्हांस ठाऊक होतें. परंतु ओहोटी लागलेली, किनारा मोकळा आणि गाडी बळकट. फलक साध्या मोटारींसाठीं असावा, असें आम्हीं एकमेकांस समजाविलें.

मैलभर अंतर तर मोठ्या आनंदांत गेलें. नंतर रात्रीच्या मुक्कामासाठीं सुरूच्या सावलींत गाडी लावावी म्हणून आमच्या स्नेह्यांनीं ती वरच्या अंगास वळविली. पुढें ती पांढरी वाळू दिसत होती. आमचें बाळपण बैलगाडीच्या मागें चालण्यांत गेलें आहे, आणि कोणत्या जमिनींत चाक बसतें हें आमच्या डोळ्यांस शिकवावें लागत नाहीं. ‘ही वाळू वाईट आहे’ हे शब्द आमच्या जिभेवर आले. परंतु आम्ही पाहुणे, ते यजमान. ते इंजिनीअर, आम्ही लेखणी चालविणारे. आम्ही गप्प राहिलों. ह्या गप्प राहण्याकडे आम्हांस पुढें परत यावें लागेल.

वीस पावलें जाऊन गाडी कण्हली व थांबली.

ह्या क्षणीं चूक फार लहान होती. चाकें चार बोटेंहि रुतलीं नव्हतीं. खालीं उतरून टायरांतील अर्धी हवा सोडिली असती, चाकांभोंवतालची वाळू हातांनीं बाजूस केली असती, आणि आल्या चाकोरींतूनच गाडी हळूहळू मागें घेतली असती, तर अर्ध्या तासांत आम्ही पुन्हां टणक पुळणीवर आलों असतों. हवा सोडिल्यानें टायर पसरतो, भार अधिक जागेवर वांटला जातो व चाक वाळूवर तरतें. हें आमच्या स्नेह्यांस आमच्यापेक्षां चांगलें कळत होतें. हवा मोजण्याचें यंत्रहि त्यांच्या हाताजवळच्या कप्प्यांत होतें. पण त्याच वेळीं मासळी वाळवीत बसलेल्या बायांनीं माना वर केल्या, आणि पांच-सात मुलें ओरडत गाडीकडे धांवलीं. आमच्या स्नेह्यांचे कान तांबडे झाले. त्यांनीं ॲक्सिलरेटर दाबिला.

चाकें गरगर फिरलीं, वाळूचा फवारा उडाला, मुलें हंसलीं. त्यांनीं आणखी दाबिला. मग पुढें, मग मागें, मग पुन्हां पुढें. दहा मिनिटें हें चाललें, आणि प्रत्येक खेपेस गाडी दोन-दोन बोटें खालीं जात होती. आम्ही शेजारीं बसून हें पाहत होतों, आणि आम्हांस खात्री आहे कीं तेहि हें पाहत होते. शेवटीं खालून एक जड, मऊ आवाज आला. गाडीचें पोट टेकलें.

एक म्हातारे तांडेल सावकाश चालत आले व खिडकीशीं उभे राहिले. ते म्हणाले, “साहेब, आधीं इंजिन बंद करा. पाणी मागं चाललंय म्हणून तुम्हांला बरं वाटतंय. रात्रीं एक वाजतां तें इथं येणार.” त्यांनीं पायानें वाळलेल्या शेवाळाची एक रेघ दाखविली. ती रेघ आमच्या गाडीच्याहि वर, सुरूच्या अंगास होती. उधाणाचे दिवस, आदल्या रात्रीं समुद्र तेथपर्यंत येऊन गेला होता.

आतां त्या दहा मिनिटांचा विचार करूं. आमचे स्नेही मूर्ख नाहींत, हट्टीहि नाहींत. वाळूविषयींचें अज्ञान हें त्यांच्या कृत्याचें कारण नव्हतें. कारण होती लाज. लाजेचे दोन प्रकार आहेत असें आम्हांस वाटतें. एक लाज चुकीच्या आधीं येते व मनुष्यास आंवरते. ती त्या फलकापाशीं यावयास पाहिजे होती, आणि तेथें ती आम्हां दोघांपैकीं एकासहि आली नाहीं. दुसरी लाज चुकीच्या मागून येते, आणि ती मनुष्यास थांबूं देत नाहीं. कारण थांबणें म्हणजे चुकलों असें सर्वांदेखत सांगणें. चाक फिरत आहे तोंपर्यंत अद्याप कांहीं ठरलें नाहीं, अशी एक आशा राहते. थांबलें कीं ठरलें. ही दुसरी लाज आम्हीं गांवोगांव पाहिली आहे. हातभर बांधासाठीं दावा लावणारा शेतकरी दुसऱ्या वर्षींच जाणतो कीं खर्च जमिनीच्या किंमतीपलीकडे गेला. पण भावकीपुढें माघार कशी घ्यावी, म्हणून तो राहिलेली जमीन गहाण टाकून अपील करितो. शिक्षक निरपराध मुलास मारतो, मग चूक कळते, आणि ती झांकण्यासाठीं त्याच मुलास वर्षभर टोंचून बोलतो. दोघांचेंहि चाक फिरतच आहे.

येथें कोणी म्हणेल, मग प्रयत्न सोडावा काय? वाळूंतून तेल काढण्याची गोष्ट तर आपण शाळेंत पाठ केली आहे! खरें आहे, आणि आमच्या स्नेह्यांनीं त्या दहा मिनिटांत वाळू रगडण्यांत कसूर केली नाहीं. परंतु भर्तृहरीचा तो श्लोक, ज्याचें मराठी रूप वामन पंडितांनीं केलें, प्रयत्नाची स्तुति करण्यासाठीं रचिलेला नाहीं. त्याचा सर्व रोख शेवटच्या चरणाकडे आहे: एक वेळ वाळूंतून तेल निघेल, पण हट्टाला पेटलेल्या मूर्खाचें मन वळविणें अशक्य, असें कवीस म्हणावयाचें आहे. आपण पहिला चरण भिंतीवर लिहिला व शेवटचा सोडून दिला. (शाळांच्या भिंतींवर असें पुष्कळ झालेलें आहे.)

प्रयत्न कोणत्या जातीचा, हा खरा प्रश्न आहे. इंग्रजी लष्करांतील राल्फ बॅग्नोल्ड नांवाचे अधिकारी सन १९२० नंतरच्या दशकांत इजिप्तांत होते. फोर्ड मोटारी घेऊन ते व त्यांचे सोबती लिबियाच्या वाळवंटांत शिरले, आणि ज्या वालुकासागरांत मोटार चालणार नाहीं असें समजलें जात असे, त्यांतून त्यांनीं वाट काढिली. त्यांच्या गाड्यांच्या मागच्या दोनच चाकांस बळ होतें. मग साधलें कशानें? ते टायरांतील हवा कमी करीत, आणि गाडी रुतली कीं थांबून चाकांखालीं पोलादी पन्हळी पट्ट्या सरकवीत. ह्या पट्ट्या त्यांस कैरो शहरांत भंगाराच्या दुकानीं मिळाल्या होत्या. पहिल्या महायुद्धांत खंदकांवर छप्पर घालण्यासाठीं त्या केलेल्या होत्या. त्या प्रवासांत गाडी रुतणें हा रोजचा व्यवहार होता. उतरणें, खणणें, पट्टी घालणें, दहा-वीस हात जाणें, पुन्हां उतरणें. रुतण्याची लाज त्यांनीं ठेविलीच नव्हती, आणि म्हणून त्यांस वाळूकडे नीट पाहतां आलें. वाऱ्यानें वाळू कशी हलते ह्यावर त्यांनीं सन १९४१ मध्यें जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो पुढें मंगळ ग्रहावरील वाळूचा विचार करणारांसहि उपयोगीं पडला.

मंगळाचें नांव निघालेंच आहे तर तेथें रुतलेल्या गाडीविषयींहि सांगतों. अमेरिकेची ‘स्पिरिट’ नांवाची सहा चाकांची यंत्रगाडी सन २००४ च्या जानेवारींत तेथें उतरली. ती तीन महिने चालावी अशी अपेक्षा होती. ती पांच वर्षांहून अधिक काळ चालली, आणि त्यांतील शेवटचीं तीन वर्षें एक चाक बंद पडलेलें असतां. सन २००९ मध्यें ती वरून घट्ट दिसणाऱ्या व आंतून भुसभुशीत असलेल्या मातींत रुतली. ती चालविणाऱ्या इंजिनीअरांनीं काय केलें? मे महिन्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत त्यांनीं तिला बाहेर काढण्याचा यत्नच केला नाहीं. कॅलिफोर्नियांतील आपल्या प्रयोगशाळेंत त्यांनीं मोठ्या पेटींत तशीच माती भरली, तशीच गाडी तींत रुतविली, आणि कोणतें चाक कसें फिरविल्यास काय होतें हें कांहीं महिने पाहिलें. सर्व जगाचे डोळे त्यांच्यावर असतां! एवढें करूनहि गाडी निघाली नाहीं. आणखी एक चाक मात्र बंद पडलें. सन २०१० च्या जानेवारींत त्यांनीं उघडपणें सांगितलें कीं ती आतां जेथें आहे तेथेंच राहील, आणि त्याच वर्षीं २२ मार्चनंतर तिचा संदेश आला नाहीं. धीर धरणारास यश मिळतेंच असें आम्ही म्हणत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, ती गाडी रुतली असतां तिच्या चाकांनीं उकरलेल्या मातींत गंधकाचे क्षार दिसले, आणि ते तपासण्यास त्या लोकांचें चित्त ठिकाणावर होतें.

आतां किनाऱ्याकडे परत येऊं.

तांडेलांचा पुतण्या ट्रॅक्टर घेऊन आला. एक तरुण मच्छीमार मोठ्यानें म्हणाला कीं, मनाई मोडून आलेल्यांस कां काढावें? बुडूं द्या, म्हणजे इतरांस समजेल. आम्हांस ह्यावर उत्तर देतां आलें नाहीं, कारण तो न्यायाचेंच बोलत होता. तांडेल एवढेंच म्हणाले, “आणि रात्रीं ह्यांचं तेल सुटलं तर तें कुणाच्या जाळ्यांत?” मग दोर बांधला गेला. तांडेलांनीं सांगितलें कीं, आपण हात वर केल्याशिवाय गाडी सुरू करावयाची नाहीं; दोरावर भिजलेलें गोणपाट टाकावयाचें, म्हणजे तुटलाच तर उसळणार नाहीं; आणि मुलांनीं दूर उभें राहावयाचें. बारा वर्षांचा एक मुलगा गोणपाट भिजवून घेऊन येत होता. तांडेलांचा हात अद्याप खालींच होता. ट्रॅक्टरानें दोराची ढील काढण्यासाठीं थोडी ओढ घेतली, आणि आमच्या स्नेह्यांनीं ॲक्सिलरेटर दाबिला.

असें कां केलें, हें त्यांनीं मागून आम्हांस सांगितलें, आणि छापण्याची परवानगीहि दिली. गाडी निघाली तर ती आपल्या इंजिनानें निघाली असें दिसावें, एवढीच त्यांची इच्छा होती.

गाडीनें हिसका घेतला, दोर क्षणभर ढिला पडला, पुन्हां ताणला व तुटला. त्याच्या टोंकाचा लोखंडी आंकडा हवेंतून आला आणि गाडीच्या दारावर आदळला. दारास जो खोंचा पडला त्यांत मूठ मावते. गोणपाट घेतलेला तो मुलगा दारापासून हातभर अंतरावर होता.

कोणी ओरडलें नाहीं. आमचे स्नेही खालीं उतरले. त्यांचे पाय कांपत होते. त्यांनीं किल्ली काढून तांडेलांच्या हातांत दिली व ते बाजूस जाऊन उभे राहिले. त्यानंतरचें काम तासाभराचें होतें व त्यांत सांगण्यासारखें थोडेंच आहे. मच्छीमारांनीं फावड्यांनीं चाकें मोकळीं केलीं, पोटाखालची वाळू काढिली, टायरांतील हवा पंचेचाळीस पौंडांवरून अठरावर आणिली, होड्या ओढण्याच्या फळ्या चाकांखालीं घातल्या. नव्या दोरानें, तांडेलांचा हात वर झाल्यावर, पुतण्यानें गाडी इतक्या हळू ओढली कीं ती हलली हें आम्हांस प्रथम कळलेंच नाहीं.

तो मुलगा कोणाच्याहि चुकींत भागीदार नव्हता. त्यानें फलक ओलांडला नव्हता, गाडी वळविली नव्हती. तो मदत करावयास आला होता. लाजेनें केलेल्या जोराची किंमत बहुधा अशाच कोणास द्यावी लागते, कारण रुतलेल्याच्या सर्वांत जवळ तोच उभा असतो. दावा लावणाऱ्याचीं मुलें, कर्ज करणाऱ्याची बायको, हीं दोराच्या टप्प्यांत असतात. आणि जो शेजारीं बसून सर्व पाहत होता व सभ्यपणासाठीं बोलला नाहीं, त्याचें काय? आम्हीं स्वतःस पुष्कळ समजाविलें कीं, आम्ही बोललों असतों तरी त्यांनीं ऐकलें नसतें. असेल. पण वाळू पाहून बोललों नाहीं, आणि पहिलें चाक फिरलें तेव्हांहि बोललों नाहीं. ह्यांतील दुसरें मौन पहिल्याहून जड आहे. पहिल्या वेळीं आमचा अंदाज चुकूं शकत होता. दुसऱ्या वेळीं गाडी आमच्या डोळ्यांदेखत खालीं जात होती.

तांडेलांनीं दोराची किंमत व डिझेलाचे पैसे तेवढे घेतले. आमच्या स्नेह्यांनीं पुढें केलेल्या बाकीच्या नोटा त्यांनीं परत केल्या, आणि नोटांऐवजीं त्यांच्या हातांत एक फावडें दिलें. चाकोऱ्या व खड्डे बुजविल्याशिवाय जावयाचें नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. त्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीचीं कासवें रात्रीं किनाऱ्यावर येऊन कोरड्या वाळूंत अंडीं घालितात. मंडणगड तालुक्यांतील वेळास गांवानें सन २००२ च्या सुमारास तीं राखावयास आरंभ केला, आणि आतां इतरहि गांवें राखतात. सुमारें दीड-दोन महिन्यांनीं पिलें बाहेर पडून समुद्राकडे चालूं लागतात. पिलूं बोटाएवढें, चाकोरींत पडलें तर त्यास वर चढतां येत नाहीं, आणि सकाळीं कावळे असतातच. ओल्या पुळणीवरच्या आमच्या खुणा रात्रीं समुद्र पुसणार होता. वरच्या कोरड्या पट्ट्यांतील खुणा त्यानें पुसल्या असत्या कीं नाहीं हें सांगवेना, म्हणून त्या आम्हांलाच पुसावयाच्या होत्या.

आम्ही दोघे वाळू ओढूं लागलों. चंद्र डोंगरावरून वर आला. गोणपाटवाला मुलगा घरीं न जातां बॅटरी घेऊन तेथेंच उभा होता. बऱ्याच वेळानें आमच्या स्नेह्यांनीं वर न पाहतां पुसलें, “तुम्हांला ती वाळू आधींच दिसली होती काय?”

आम्ही म्हणालों, “होय.”

ते कांहीं बोलले नाहींत. फावडें चालूच राहिलें. मुलानें बॅटरीचा उजेड मागच्या चाकाच्या खड्ड्यावर टाकला व म्हणाला, “आजोबा, इथं अजून खोल आहे.”